टिंबाचा पैसा

भागीरथाबाईच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत तीन अक्षरं गोंदलेली होती आणि डाव्या हातावर दोन. एकाच नावाची अशी दोन हातांत वाटणी कशी झाली, हे नागपूरच्या बुधवारी नावाच्या बाजारात नवीन येणारं गिऱ्हाईक एकदा तरी विचारायचंच. भागीरथाबाई आधी भाजी तोलून द्यायची, पैसे कनवटीला लावायची आणि मग दोन्ही हात पुढे करून म्हणायची, "माह्या अकलेची नुमाइश हाय ही. पाहाले पैसे नाई लागत."

तिचं सासर काटोलचं. थोरला दीर रुपराव तिकडे संत्र्याची झाडं राखून होता. धाकटा चंपतराव, म्हणजे हिचा नवरा, लग्नानंतर वर्षाच्या आतच नागपूरला आला आणि संत्र्याच्या बाजारात मोजणीला लागला. एका हातात तीन आणि दुसऱ्या हातात दोन अशी संत्री उचलायची, टोपलीत टाकायची आणि मोठ्यानं आकडा म्हणायचा, हे त्याचं काम. दिवसभर ओरडून घरी येईपर्यंत त्याचा आवाज संपलेला असायचा. तो गप्प बसायचा आणि भागीरथा बोलायची. जुनी शुक्रवारीतल्या त्या एका खोलीत दोघांचं बारा वर्षं उत्तम चाललं होतं.

भागीरथा बुधवारीत भाजी घेऊन बसायची. घेताना तिच्याइतकी गरीब बाई साऱ्या नागपुरात नसायची आणि विकताना ती मालगुजारीण व्हायची. कुंभाराकडून मडकं घेतलं की ती झाकण फुकट मागायची. झाकण मिळालं की ते तडकलेलं आहे असं म्हणून मडक्याचे दोन पैसे कमी करून घ्यायची. वहाणा झिजू नयेत म्हणून त्या हातात घेऊन चालायची आणि बाजाराच्या तोंडाशी आल्यावर पायात घालायची. तिच्याकडून मात्र पावशेर वांग्यांवर एक मिरची फुकट मिळाल्याचं कुणी सांगितलं नाही. या गुणांचा तिला फार अभिमान होता. पुढे ती स्वतःच सांगायची, "मले वाटे, देवानं अक्कल वाटली तई मी दोनदा रांगेत उभी राह्यली."

मंदीची ती वर्षं होती. संत्र्याला भाव नव्हता, तरी रुपरावनं वैशाखात मोठ्या मुलीचं लग्न काढलं आणि नागपूरच्या छापखान्यातून पत्रिका छापून घेतल्या. निमंत्रकांत त्याच्या नावाखाली धाकट्या भावाचंही नाव होतं. पत्रिका घरी आली तेव्हा शेजारचे नत्थूजी, जे टपाल कचेरीच्या दाराशी बसून लोकांची पत्रं लिहून द्यायचे, त्यांनी ती वाचून दाखवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे पाह्य भागीरथा, हे तुह्या मालकाचं नाव." भागीरथाला वाचता येत नव्हतं. तिनं त्या ओळीची जागा तेवढी लक्षात ठेवली. चंपतरावला स्वतःचं नाव आणि आकडे एवढंच वाचता यायचं. त्यानं ते नाव दोनदा वाचलं, पत्रिका पुसली आणि पेटीत धोतराच्या घडीखाली ठेवून दिली.

लग्नाला दोघं रेल्वेनं काटोलला गेली. मांडवामागे बायका कुरड्या तळत बसल्या होत्या. थोरली जाऊ वच्छला झारा हलवता हलवता सारखी बाही वर करत होती. शेवटी भागीरथानं विचारलं, "काय वं बाई, खाजते काय हात?"

वच्छला याचीच वाट पाहत होती. तिनं हात पुढे केला. त्यावर हिरव्या अक्षरांत नवऱ्याचं नाव होतं. "रुपराव लिवलं हाय" असं काही ती म्हणाली नाही, नवऱ्याचं नाव कोण घेतं! ती म्हणाली, "त्यायचं नाव व्हय. अक्षराले दोन आणे पडले, वरून गोंदनारनीले खण. आता मेलं तरी संग येते हे."

भागीरथानं त्या हाताकडे पाहिलं. तिच्या स्वतःच्या अंगावर हनुवटीवरचा एक ठिपका आणि डाव्या मनगटावरची तुळस, एवढंच काय ते होतं. तेही तिच्या आईनं लहानपणी करून घेतलेलं. तिला हेवा वाटला, यात शंका नाही. पण वच्छलाच्या हातावर नाव आहे याहून वच्छलानं त्याला पुरे पैसे मोजले, ही गोष्ट तिला जास्त लागली. ती म्हणाली, "खण काहाले देला वं? मले नाई लागनार एवढे पैसे."

तेवढं बोलून ती फसली. आता नाव गोंदून घेणं भाग होतं, आणि तेही स्वस्तात.

बुधवारीच्या कडेला लिंबाच्या झाडाखाली रंभाबाई नावाची गोंदणारीण बसायची. ती अमरावतीच्या रस्त्यावरच्या वाडीची. तिच्याजवळ एका दोऱ्यात बांधलेल्या तीन सुया, करवंटीत माक्याच्या रसात कालवलेलं काजळ आणि एक जुनं फडकं असायचं. वय साठीचं, दात दोनच, पण जीभ भागीरथाच्या तोडीची. लग्नाहून परत आल्यावर एका दुपारी बाजार सुस्तावला होता, तेव्हा भागीरथा पत्रिका पदराखाली घेऊन तिच्यासमोर जाऊन बसली.

"रंभाबाई, अक्षराले किती घेतं वं?"

"दोन आणे. काना, मात्रा, वेलांटी, टिंब, याचा एक-एक पैसा अलग."

"टिंबाचाबी पैसा?"

"टिंबालेबी सुई लागते. टिंबातूनबी रगत निघते. तुह्या हनुवटीवरच्या टिंबाचे तुह्या मायनं पायलीभर जवारी देल्ली असन, जाऊन इचार."

मग घासाघीस सुरू झाली. भागीरथा तीनदा रागानं उठून निघून गेली. पण तिचं दुकान तिथून दहा पावलांवर होतं आणि रंभाबाईला ती समोरच बसलेली दिसायची, त्यामुळे त्या निघून जाण्याला वजन येईना. शेवटी अक्षराला सहा पैसे, म्हणजे दीड आणा, ठरले. त्यातलेही अर्धे रोख आणि अर्ध्यांची वांगी. वांगी भागीरथानं स्वतः तोलली. ती कोणती निवडली असतील, हे सांगायला नको.

मग पत्रिका उघडली. भागीरथानं ओळीवर बोट ठेवलं. रंभाबाईलाही वाचता येत नव्हतं, पण शेकडो हातांवर नावं गोंदून तिला अक्षरांचे चेहरे ओळखीचे झाले होते. तिनं काडीनं मोजलं. "पाच अक्षरं. एक काना, एक टिंब."

"पाच? माह्या जावेले तं चारच लागले."

"मंग जावेच्या मालकासंग लगन कराचं होतं. हे मांगचे दोन म्हंजे राव. ते साऱ्यायच्याच नावाले असते."

भागीरथाच्या डोळ्यांत उजेड पडला. "साऱ्यायच्याच असते नं? मंग साऱ्यायचं असन त्याचे पैसे मी एकटीनं काहून देऊ?" आणि तिनं पत्रिकेला बरोबर त्या जागी घडी घातली. दोन अक्षरं कागदाच्या मागे गेली. नखानं दाबून घडी पक्की केली.

"अन् हे टिंब," ती म्हणाली आणि त्यावर तिनं अंगठा ठेवला. "हे ऱ्हाऊ दे. माशी बसल्यावानी दिसते."

"बाई, टिंब लहान असलं तरी कामाचं असते. एक पैसा वाचवाले जाशीन अन् नावाची वाट लागन."

"माह्यं नाव, माह्या मालकाचं नाव, तुले काहाची चिंता?"

रंभाबाईनं सुया काजळात बुडवल्या. तेवढ्यात भागीरथाला आणखी एक विचार सुचला. पुढे आयुष्यभर तिला सगळ्यात जास्त हसू यायचं ते याच विचाराचं. तिनं विचारलं, "भाव अक्षराचा हाय नं? लहान काढलं का मोठं काढलं, सारखाच?"

"सारखाच."

"मंग मोठं काढ. मावन तेवढं मोठं."

रंभाबाईनं सुया करवंटीच्या काठावर निथळल्या. मग दोन दात दाखवून हसली. "तुहाच हात, तुहीच चामडी."

पहिलं अक्षर अर्धं झालं तेव्हा भागीरथाला कळलं की अक्षर जेवढं मोठं तेवढी सुई जास्त, आणि दुखण्याच्या भावात कुठलीही सूट नव्हती. पण ठरलेला सौदा मोडायचा कसा? तिनं दात आवळून तिन्ही वांग्याएवढी अक्षरं मनगटापासून कोपरापर्यंत काढून घेतली. साडेदहा आण्यांचं काम साडेचार आण्यांत झालं होतं. घरी जाताना हात ठणकत होता आणि ती गालात हसत होती.

दुसऱ्या दिवशी हात सुजून दुधी भोपळ्यासारखा झाला. तीन दिवस ताप. तीन दिवस तराजू उचलता येईना, दुकान बंद. हळदीचा जाड लेप लावलेला असल्यामुळे अक्षरं दिसत नव्हती. चंपतरावनं काळजीनं विचारलं, तर नाव एकदम दाखवून त्याला चकित करायचं म्हणून ती म्हणाली, "काई नाई. गांधीलमाशी चावली."

चंपतराव लेपाच्या लांबीकडे पाहत राहिला. "एवढी मोठी गांधीलमाशी?"

"नागपूरची हाय."

त्यानं हळदीची वाटी तिच्याजवळ सरकवली. तो फारसा बोलायचाच नाही.

खपल्या पडल्या आणि खाली हिरवी ठसठशीत अक्षरं निघाली. भागीरथा आंघोळ करून, बाही वर सारून बाजारात गेली. तिच्या दुकानासमोर ओमप्रकाश हलवाईची जिलबीची कढई होती. त्याचे आजोबा कधीतरी जबलपूरकडून आले होते, पण घरात बोली हिंदीच. तिनं मुद्दाम हात लांबवून पाण्याचा शिपका भाजीवर मारला. ओमप्रकाशचं लक्ष गेलं.

"भौजी, ये हाथ पे क्या लिखवाया?"

"वाच नं. तुले वाचता येते म्हनतेत."

त्यानं झारा बाजूला ठेवला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "चपत!" मग तो इतक्या जोरानं हसला की कढईतली जिलबी करपली. "किस को मारोगी भौजी? भाव कम करनेवाले को?"

भागीरथाला वाटलं, हिंदी माणूस आहे, उच्चार चुकला. पण चूक दुरुस्त करायची तर नवऱ्याचं नाव घ्यावं लागणार. ते तर घेता येत नव्हतं. ती एवढंच म्हणू शकली, "आमच्या मालकाचं नाव व्हय ते."

"मालिक का नाम चपत है?" ओमप्रकाशनं कपाळाला हात लावला. "अरे सुनो रे, भौजी के घर में चपत रहती है!"

मग काय! दुपारपर्यंत अर्धी बुधवारी येऊन हात पाहून गेली. चपत म्हणजे थप्पड, हे नागपुरात कुणाला सांगावं लागत नाही. व्यवहारात खोट आली तरी लोक म्हणतात, चपत बसली. गिऱ्हाइकं वांगी घ्यायला येत आणि घाबरल्याचं सोंग करून गालावर हात ठेवत. एक जण तर म्हणाला, "बाई, सांगशील तो भाव देतो, पन हात उचलू नको."

भागीरथा दुकान तसंच शेजारणीवर टाकून टपाल कचेरीपाशी गेली आणि नत्थूजींसमोर हात धरला. "वाचा."

नत्थूजींनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचलं. "चपत. टिंब कोठी गेलं बाई?"

"टिंबाचा पैसा वाचवला."

"अन् राव?"

भागीरथानं हात मागे घेतला. नत्थूजींच्या मिशा हलत होत्या.

संध्याकाळी हात पदराखाली लपवून ती घरी आली, तर चंपतराव तिच्या आधीच आलेला. पेटी उघडी होती आणि तो जमिनीवर बसून मांडीवर पत्रिका ठेवून तळहातानं घडी सपाट करत होता. बाजारात कुणीतरी म्हटलं होतं, तुझं नाव कोण छापतं? म्हणून त्याला ती उद्या घेऊन जायची होती. घडी जाईना. ती बरोबर नावावरून गेली होती.

लपवण्यात आता अर्थ नव्हता. भागीरथा समोर बसली आणि हात पुढे केला. तो हसेल, ओरडेल, काही तरी करेल, असं तिला वाटलं होतं. त्यानं बोट फिरवून अक्षरं वाचली, एकेक. मग पत्रिकेकडे पाहिलं.

"हे घडी तूच पाडली?"

"हौ."

"टिंब राह्यलं तं राह्यलं," चंपतराव म्हणाला. "लोक हासतीन, चार दिवस. पन राव काहून कापलं वं?"

"दोन अक्षरं होती जी ते. साऱ्यायच्याच नावाले असते, रंभाबाईनं म्हटलं."

"माह्या नाई हाय." तो बोलताना तिच्याकडे पाहत नव्हता. "बाजारात मले सारे चंपत्या म्हनतेत. अडत्या म्हनते, मुनीम म्हनते, काल लागलेला हमालबी म्हनते. मी कई काई बोललो नाई. दादानं पत्रिकेत राव छापलं, तई मले वाटलं, चाला, एका जागी तं हाय."

एवढं लांब बोलणं त्यानं बारा वर्षांत केलं नव्हतं. तो उठला, पत्रिका पेटीत ठेवली आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसला.

भागीरथा तिथंच बसून राहिली. आजवर तिनं कुंभाराचं कापलं, बोहारणीचं कापलं, टांगेवाल्याचं कापलं आणि प्रत्येक वेळी आनंदानं झोपली. या वेळी कापलेलं कुणाचं होतं, हे तिला आता दिसलं. आणि कापून मिळालं काय, तर एक भोपळ्यासारखा हात आणि बाजारभर हसू. तिला रडू आलं. पण रडता रडताच पत्रिकेच्या टिंबावर आपण कसा ऐटीत अंगठा ठेवला होता ते आठवलं आणि रडण्यात हसू मिसळलं. त्या दिवसापासून ती स्वतःला हसायला शिकली, असं म्हणायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी बुधवारीत रंभाबाई नव्हती. भागीरथा सरळ वाडीला निघाली. पाच मैलांची वाट. टांगा करावा असं तिच्या मनात आलंही, पण सवय एका रात्रीत जात नाही. वहाणा हातात घेऊन ती भर उन्हात चालत गेली आणि तळपायांचे फोड घेऊन रंभाबाईच्या पालासमोर उभी राहिली.

रंभाबाई मिरच्या वाटत होती. तिनं वर न पाहताच म्हटलं, "आली का? मी म्हनलंच होतं, महिन्याच्या आत येते."

"टिंब टाक. अन् मांगचे दोन अक्षरंबी टाक."

"टिंबाचा आता एक आणा."

"एक पैसा होता नं?"

"तो बुधवारीचा भाव होता. हा वाडीचा हाय."

भागीरथानं सवयीनं तोंड उघडलं. मग मिटलं. "टाक," ती म्हणाली.

रंभाबाईनं पाटा सोडला, हात धुतले आणि काळजीनं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप नाई उतरला काय वं अजून?"

टिंब लगेच झालं. अडचण पुढे आली. तिन्ही अक्षरं मावतील तेवढी मोठी काढून घेतली असल्यामुळे उजव्या हातावर बोटभर जागा उरली नव्हती. वर दंडावर काढावं तर ते चोळीखाली जाणार, आणि जे दिसणार नाही त्याचे पैसे भागीरथाही देणार नव्हती. दोघींनी हात उलटसुलट करून पाहिला. शेवटी रंभाबाई म्हणाली, "डावा रिकामाच हाय." तुळशीच्या वरच्या अंगाला तिनं राव काढलं. या वेळी लहान, नेटकं. पैसे घेताना तिनं एक पैसा परत केला. "कान्याचा घेत नाई. एवढ्या उन्हात पायदल आली."

न मागता सुटलेला हा पैसा हातात घेऊन काय करावं, ते भागीरथाला क्षणभर कळेना.

संध्याकाळी तिनं चंपतरावसमोर बसून दोन्ही हात जवळ धरले. त्यानं तिच्या उजव्या हातापासून बोट फिरवायला सुरुवात केली. चं, प, त. मग डाव्या हातावर. रा, व. पुन्हा एकदा वाचलं. त्याचा चेहरा उजळत चालला होता. मग एकाएकी तो उठला, तिच्या पाठीमागे जाऊन तिच्या खांद्यावरून हातांकडे पाहू लागला, आणि खाकरल्यासारखा आवाज झाला. भागीरथानं घाबरून मागे वळून पाहिलं. तो हसत होता.

"माह्या इकून बराबर हाय," तो कसाबसा म्हणाला. "तुह्या इकून पाह्यलं तं पह्यले राव येते अन् मंग चंपत. राव चंपत! हिंदीत काय होते मालूम हाय? राव पळून गेला!"

आणि तो पोट धरून खाली बसला. भागीरथाही हसू लागली. डाव्या हाताची आग होत होती, तरी तिला थांबता येईना.

पंधरा दिवसांनी असं झालं की चंपतराव भाकर घरीच विसरून गेला. भागीरथा ती घेऊन संत्र्याच्या बाजारात गेली. दाराशी दादाजी मुनीम बसलेले. त्यांनी विचारलं, "कोनाची भाकर हाय?"

एरवी ती "मोजणीवाल्याची" म्हणून मोकळी झाली असती. तिनं भाकरीचं फडकं खाली ठेवलं आणि दोन्ही हात मुनिमासमोर धरले. "या मानसाची."

दादाजींनी चष्म्याखालून पाहिलं. मुनीम माणूस, समोर लिहिलेलं आलं की मोठ्यानं वाचायची सवय. त्यांनी वाचलं आणि त्याच सुरात आत हाक मारली, "चंपतराव! ओ चंपतराव! तुमची भाकर आली!"

मोजणी थांबली. टोपल्यांच्या रांगेत सगळे हमाल माना वर करून पाहू लागले, हा चंपतराव कोण? चंपतराव हातात पाच संत्री घेऊन उभा होता आणि आकडा विसरला होता. अडत्यानं त्याला ती टोपली पहिल्यापासून मोजायला लावली. नंतर काही दिवस लोक चेष्टेनं त्याला राव म्हणत. चेष्टेची मग सवय झाली. अडत्या मात्र शेवटपर्यंत चंपत्याच म्हणत राहिला.

इकडे बुधवारीत वेगळंच झालं. भागीरथा तराजू डाव्या हातात धरायची, त्यामुळे गिऱ्हाइकासमोर नेमकं राव यायचं. लोक तिलाच रावबाई म्हणू लागले. ओमप्रकाश जिलबी तळता तळता ओरडायचा, "रावबाई, बोहनी हुई क्या?" तिनं कधी तक्रार केली नाही. एवढंच म्हणायची की, हे तिला चार आण्यांत पडलं.

चंपतरावनं तिला पाचही अक्षरं शिकवली, आणि काना झाकला की 'रा'चा 'र' होतो, हेही. सकाळी चहा होईपर्यंत तो तिच्या हातावर बोट ठेवायचा आणि ती ओळखायची. पाच अक्षरं आल्यावर तिला वाटू लागलं की आपल्याला वाचता येतं. सीताबर्डीला गेली की ती दुकानांच्या पाट्यांसमोर उभी राहून त्यातली आपली अक्षरं वेचायची आणि उरलेल्यांकडे दुर्लक्ष करायची.

एकदा तिनं इतवारीतून नऊवारी लुगडं आणलं. घरी आल्यावर रंग फिका वाटला. दुसऱ्या दिवशी ती ते घेऊन परत गेली. दुकानदार म्हणाला, विकलेला माल घेत नाही, वर पाटी लावली आहे. भागीरथानं पाटीकडे पाहिलं. लांबलचक ओळीत मधोमध तिची तीन अक्षरं एका रांगेत उभी होती. तिनं बोट फिरवून मोठ्यानं वाचलं.

"प, र, त. परत! तुमच्याच पाटीवर लिवलं हाय. अन् वरून मले नाई म्हनता?"

दुकानदारानं सगळी ओळ वाचून दाखवली. माल परत घेतला जात नाही. भागीरथा म्हणाली, "ते तुमचं वाचन. माह्यं मी वाचलं." गर्दी जमली. तासाभरानं त्यानं लुगडं बदलून दिलं, वर एक चोळखण दिला आणि हात जोडले. ती खण काखेत घालून घरी आली आणि चंपतरावला सगळं सांगताना स्वतःच इतकी हसली की चुलीवरचं दूध उतू गेलं.

"अवो," ती म्हणाली, "पाच अक्षरात एवढं भांडता येते, तं साऱ्या बाराखडीत किती येत असन?"

चंपतरावनं दुधाचं भांडं उतरवून ठेवलं आणि म्हणाला, "म्हनूनच पुढचे नाई शिकवत मी."